क्रेडिट रिपोर्टवरचा डिस्प्यूट आणि अमेरिकेतलं घराचं कर्ज: आधी काय करायचं, अधेमधे काय टाळायचं

क्लोजिंगला, म्हणजे घर नावावर व्हायच्या शेवटच्या सह्यांना, अकरा दिवस उरले होते तेव्हा फोन आला. "ताई, आमचं लोन अडकलंय म्हणे. रिपोर्टवर डिस्प्यूट आहे म्हणून. अहो, पण तो आम्ही चार महिन्यांपूर्वीच टाकला होता, आणि आमचंच बरोबर होतं!" नवरा-बायको दोघं स्पीकरवर, आणि मागे खोकी बंद करायच्या टेपचा चर्रचर्र आवाज. भाड्याच्या घराची नोटीस देऊन झाली होती.

त्यांचं खरंच बरोबर होतं. जुनं अपार्टमेंट सोडताना कार्पेट खराब केल्याचे १,१८० डॉलर त्यांच्या नावावर लावले गेले, ते कलेक्शनला, म्हणजे वसुली करणाऱ्या एजन्सीकडे गेले आणि यांनी डिस्प्यूट टाकला, म्हणजे ही नोंद मान्य नाही अशी हरकत घेतली. कुणीही तेच केलं असतं. पण मी लोन प्रोसेसर आहे, रोज अशा फायली हातून जातात, म्हणून सांगते: वाद घातला नसता तर त्यांची फाइल बहुधा सुरळीत गेली असती. हे ऐकायला उफराटं वाटतं, म्हणून आधी यामागचं कारण.

डिस्प्यूट टाकला की आत काय होतं

ईक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्था, म्हणजे क्रेडिट ब्युरो, तुमच्या कर्जफेडीची माहिती ठेवतात, पण ती त्यांना पुरवतात बँका, कार्ड कंपन्या, कलेक्शन एजन्सी. १९७० च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टनुसार तुम्ही हरकत घेतलीत की ब्युरोला ३० दिवसांत तपास करावा लागतो. मधेच तुम्ही आणखी कागद दिलेत, किंवा वर्षाचा मोफत रिपोर्ट पाहून हरकत घेतली असेल, तर ही मुदत ४५ दिवसांपर्यंत जाते.

तपास चालू असताना खात्यावर एक कोड बसतो: एक्सबी. अर्थ एवढाच की ग्राहकाची हरकत आहे, तपास चालू आहे. तपास संपूनही तुमचं समाधान झालं नाही तर एक्ससी. वाद होता पण आता मिटलाय, तर एक्सएच. आणि कोड पुसून टाकायचा असेल तर माहिती पुरवणारी कंपनी एक्सआर पाठवते. ही अक्षरं तुम्हाला सहसा दिसणार नाहीत. तुमच्या प्रतीवर 'ग्राहकाला ही माहिती मान्य नाही' अशा अर्थाची एक ओळ दिसते. मी तिला शेरा म्हणते, आपल्या सर्व्हिस बुकातल्या शेऱ्यासारखी: एकदा पडला की आपोआप निघत नाही.

गोम एक्सबीत आहे. हा कोड असेपर्यंत फायको स्कोअर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीवरून ठरणारा आकडा, काढताना त्या खात्याची बरीचशी माहिती बाजूला ठेवली जाते. खातं वाईट असेल तर स्कोअर तेवढ्यापुरता वर जातो. ही युक्ती क्रेडिट दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्यांना फार जुनी ठाऊक आहे: दहा खात्यांवर एकदम डिस्प्यूट टाका, स्कोअर उचला, तेवढ्यात कर्ज काढा. कर्ज देणाऱ्यांनाही ती तेवढीच जुनी ठाऊक आहे. म्हणून शेरा दिसला की अंडररायटर, म्हणजे कर्ज मंजूर करायचं की नाही ते ठरवणारा माणूस, असं धरून चालतो की हा स्कोअर खरा नाही, यात एक खातं मोजलेलंच नाही.

उलटही होतं, आणि ते आपल्या लोकांना जास्त बाधतं. नुकते या देशात आलेल्यांची फाइल बारीक असते, दोन कार्डं आणि एक गाडीचं कर्ज. त्यातल्या सगळ्यात जुन्या, चांगल्या कार्डावर एखाद्या लेट पेमेंटसाठी हरकत घेतलीत तर ते कार्ड हिशेबातून बाजूला पडतं आणि उरलेल्या दोन खात्यांवर स्कोअर उभा राहतो. तो कुठे जाईल ते आधी सांगता येत नाही.

कुठल्या कर्जाला कसला नियम

एफएचएच्या, म्हणजे सरकारने विमा दिलेल्या, घरकर्जात नियम आकड्यात लिहिलेला आहे. वादातली वाईट खाती, म्हणजे कलेक्शन, चार्ज-ऑफ (बँकेने बुडीत धरलेलं कर्ज) आणि गेल्या २४ महिन्यांत लेट पेमेंट असलेली खाती, या सगळ्यांची बाकी मिळून १,००० डॉलर किंवा जास्त झाली की संगणकाची मंजुरी रद्द धरतात आणि फाइल माणसाच्या हातात, मॅन्युअल अंडररायटिंगला जाते. वैद्यकीय बिलं यात धरत नाहीत. ओळखचोरीतून किंवा कार्ड चोरीतून आलेली खातीही धरत नाहीत, पण त्याला पोलीस रिपोर्टसारखा कागद लागतो.

बेरीज कशी करतात ते पाहा. कलेक्शन ६४० डॉलर, हॉस्पिटलचं बिल ९०० डॉलर, आणि मागच्या वर्षी लेट झालेलं कार्ड ४८० डॉलर, तिन्हींवर शेरा. हॉस्पिटल वगळा. ६४० अधिक ४८० म्हणजे १,१२०. गेली फाइल मॅन्युअलला.

मॅन्युअलला गेल्याने काय बिघडतं? डीटीआयची, म्हणजे महिन्याच्या कमाईतला किती भाग हप्त्यांत जातो याची मर्यादा खाली येते. मॅन्युअलमध्ये मूळ मर्यादा घराच्या हप्त्याला ३१ टक्के आणि सगळे हप्ते मिळून ४३ टक्के. स्कोअर ५८० किंवा जास्त असेल आणि शिल्लक रकमेसारखी एक जमेची बाजू दाखवता आली तर ३७ आणि ४७, दोन दाखवता आल्या तर ४० आणि ५०. संगणक याहून बराच जास्त डीटीआय मंजूर करतो. फोनवरच्या त्या दोघांचा होता ४९, आणि जमेची बाजू एकच.

आता तो उफराटा भाग. एफएचएमध्ये वाद नसलेली, वैद्यकीय सोडून बाकीची कलेक्शन खाती मिळून २,००० डॉलरच्या आत असतील तर त्यांचं काहीच करावं लागत नाही, फेडायचीही गरज नसते. म्हणजे १,१८० डॉलरचं कलेक्शन मुकाट्याने पडून असतं तर चाललं असतं. 'हे माझं नाही' म्हटलं, म्हणून अडलं. हा नियम मला स्वतःला पटत नाही, पण तो आहे.

वादात असूनही निरुपद्रवी धरली जाणारी खातीही आहेत: बाकी शून्य असलेली, लेट पेमेंट २४ महिन्यांपेक्षा जुनं असलेली, किंवा नियमित भरली जाणारी. त्यांच्यामुळे फाइल खाली येत नाही. फक्त वादामुळे रिपोर्टवर दिसतो त्याहून कमी हप्ता धरायचा असेल तर त्याचा पुरावा मागतात.

कॅलिफोर्निया, टेक्सस, ॲरिझोना, वॉशिंग्टन अशा कम्युनिटी प्रॉपर्टी, म्हणजे लग्नानंतरची मालमत्ता आणि देणी सहसा दोघांची धरणाऱ्या, राज्यांत राहणाऱ्यांना एक माहिती असावी. एफएचएसाठी तिथे कर्जात नसलेल्या जोडीदाराची देणीही हिशेबात येतात, पण त्याच्या वादातल्या वाईट खात्यांची बाकी त्या १,००० च्या बेरजेत येत नाही.

फॅनी मे, म्हणजे बँकांकडून घरकर्जं विकत घेणारी संस्था, तिच्या पद्धतीच्या साध्या, कन्व्हेन्शनल कर्जाला असा आकडा नाही. तिथली संगणकप्रणाली वादातलं खातं आधी धरूनच हिशेब करते. ते धरूनही मंजुरी आली तर प्रश्न संपला, हप्ता असेल तो डीटीआयमध्ये मोजायचा. ते धरून मंजुरी येत नसेल तर कर्ज देणाऱ्याला शोधावं लागतं की खातं खरोखर तुमचं आहे का आणि माहिती बरोबर आहे का. तुमचं नाही किंवा चुकीचं आहे हे कागदाने दिसलं तर पुढे जाता येतं. माहिती बरोबर निघाली तर शेरा काढून नवा रिपोर्ट मागवा आणि पुन्हा चालवा, नाहीतर मॅन्युअल.

पहिलं काम: घर बघायच्या चार-सहा महिने आधी तिन्ही रिपोर्ट

ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर तिन्ही ब्युरोंचे रिपोर्ट दर आठवड्याला मोफत मिळतात. २०२३ पासून ही सोय कायमची झाली आहे. बँकेच्या ॲपवर दिसणारा स्कोअर पाहून समाधान मानू नका. घराच्या कर्जाला बहुतेक वेळा तीनपैकी मधला स्कोअर धरतात, आणि ॲपमध्ये शेरा दिसेलच असं नाही.

प्रत्येक खात्याखालचे बारीक अक्षरातले शेरे वाचा. बंद झालेल्या खात्यांचेही. पाच वर्षांपूर्वी बंद केलेल्या दुकानाच्या कार्डावर कधीतरी घातलेला वाद अजून तिथे बसलेला असतो आणि आपण विसरलेलो असतो. आणि तिन्ही वाचा. एका ब्युरोवरून शेरा निघाला म्हणजे तिन्हींवरून निघाला, असं नसतं.

नाव नीट तपासा. हे आपल्यासाठी वेगळं लिहिते, कारण दर थोड्या दिवसांनी अशी एक फाइल येते. एके ठिकाणी वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लागलेलं, दुसरीकडे नवऱ्याचं, तिसरीकडे फक्त आद्याक्षर. घरात संजय आणि स्नेहा, दोघंही 'एस. कुलकर्णी', पत्ता एकच. सोशल सिक्युरिटी नंबर यायच्या आधी उघडलेलं एखादं खातं वेगळंच जोडलेलं. मग एकाचं खातं दुसऱ्याच्या रिपोर्टवर जाऊन बसतं. अशा वेळी एकेका खात्यावर हरकत घेत बसण्याऐवजी ब्युरोला लेखी कळवा की दोन माणसांच्या फायली मिसळल्या आहेत, सोबत ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि आजवर वापरलेल्या नावांची यादी जोडा. मूळ दुखणं बरं झालं तर दहा डिस्प्यूट वाचतात.

दुसरं: कुठला वाद ठेवायचा, कुठला सोडायचा

खातं तुमचं, आकडा बरोबर, तुम्ही फक्त रागाने किंवा कुणाच्या सल्ल्याने हरकत घेतली होती? शेरा काढून टाका, विचार करायची गरज नाही.

खातं तुमचं पण तपशील चुकीचा, उदाहरणार्थ वेळेवर भरलेला हप्ता लेट दाखवलाय. इथे ब्युरोच्या संकेतस्थळावर बटण दाबण्याआधी थेट बँकेशी किंवा कार्ड कंपनीशी बोला. भरल्याचं स्टेटमेंट द्या आणि माहिती दुरुस्त करून तिन्ही ब्युरोंना पाठवायला सांगा. 'मी डिस्प्यूट करतोय' आणि 'तुमच्या नोंदीत चूक आहे, दुरुस्त करून द्या' यात फरक आहे. औपचारिक हरकत नोंदली गेली की कायद्यानेच त्यांना ते खातं वादात आहे असं ब्युरोंना कळवावं लागतं. कलेक्शन एजन्सीचंही तसंच: तुम्ही कर्ज नाकारलंत हे ठाऊक असताना वादाचा उल्लेख न करता ते माहिती पुढे देऊ शकत नाहीत. ब्युरोकडे कधी गेलाच नाहीत तरी शेरा येतो, तो असा.

खातं तुमचं नाहीच, कुणीतरी तुमच्या नावावर काढलंय. इथे माघार घेऊ नका. आयडेंटिटी थेफ्ट डॉट गव्ह या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तो अहवाल ओळखपत्रासकट ब्युरोला पाठवा. ब्युरोला ते खातं ४ कामकाजाच्या दिवसांत रोखावं लागतं. साध्या डिस्प्यूटपेक्षा हा रस्ता खूप लवकर पोचवतो, आणि शेऱ्याऐवजी खातंच दिसेनासं होतं.

वैद्यकीय बिलांवर उगाच डिस्प्यूट टाकू नका. फेडलेली वैद्यकीय कलेक्शन्स २०२२ पासून आणि ५०० डॉलरच्या आतली २०२३ पासून ब्युरोंनी स्वतःहून रिपोर्टवरून काढली आहेत. तरी राहिलेलं दिसलं तर ते आधी इन्शुरन्सकडे नीट गेलं होतं का ते बघा. बऱ्याचदा बिलावरचा कोड चुकल्यामुळे परत आलेलं असतं.

तिसरं: शेरा काढण्याआधी स्कोअर काय होईल ते विचारा

ही पायरी लोक गाळतात आणि पस्तावतात. शेरा निघाला की बाजूला ठेवलेलं वाईट खातं पुन्हा हिशेबात येतं आणि स्कोअर घसरू शकतो. एफएचएला ५८० किंवा जास्त असाल तर साडेतीन टक्के डाउन पेमेंट, ५०० ते ५७९ मध्ये गेलात तर दहा टक्के. कन्व्हेन्शनलला व्याजदर स्कोअरच्या टप्प्यांवर हलतो. म्हणून लोन ऑफिसरला स्पष्ट विचारा: हे खातं मोजलं तर माझा मधला स्कोअर अंदाजे कुठे जाईल, आणि तिथे मला काय दर मिळेल? अंदाज काढायची साधनं त्यांच्याकडे असतात. जो लोन ऑफिसर न पाहताच 'काढून टाका, काही होत नाही' म्हणतो, त्याला पुन्हा विचारा. तो घाईत आहे.

चौथं: शेरा प्रत्यक्ष काढणं

शेरा कुणी लावलाय ते आधी कळायला हवं. ब्युरोला फोन करा, रिपोर्टवरचा क्रमांक सांगा आणि विचारा: हा डिस्प्यूट तुमच्याकडून लागलाय की कंपनीकडून आलाय? ब्युरोचा असेल तर ब्युरोच तो काढू शकतो. कंपनीकडून आला असेल तर ब्युरो हात वर करतो, आणि तुम्हाला कंपनीकडे जावं लागतं. फोन लावून धरावा लागतो, तीनदा बदली होते, चौथ्या माणसाला डिस्प्यूट म्हणजे बिलावरची तक्रार वाटते. म्हणून फोनबरोबर लेखीही द्या.

पत्रात चारच गोष्टी: खाते क्रमांकाचे शेवटचे आकडे, या खात्यावर माझी आता हरकत नाही हे वाक्य, वादाचा कोड काढून तिन्ही ब्युरोंना कळवा ही विनंती, आणि तसं केल्याचं तुमच्या लेटरहेडवरचं पत्र मला द्या ही मागणी. शेवटची मागणी विसरू नका. रामायण लिहायचं नाही. तुमची बाजू, तुमचा मनस्ताप, त्या दिवशी कोण काय बोललं, हे सगळं वाचणाऱ्याला पुन्हा वादच वाटतं आणि शेरा तिथेच राहतो.

तुमच्या रिपोर्टवर पूर्वी १०० शब्दांचं निवेदन लिहून ठेवलं असेल तर तेही काढायला सांगा. शेरा गेला आणि निवेदन राहिलं म्हणून फाइल परत आलेली मी पाहिली आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. जे खातं तुमचं नाही ते 'माझं आहे, मान्य आहे' असं कुठेही लिहून देऊ नका. हरकत मागे घेणं वेगळं आणि कर्ज कबूल करणं वेगळं. जुन्या कलेक्शनवर काही लिहून देण्याआधी किंवा थोडे पैसे भरण्याआधी वकिलाला विचारा, कारण काही राज्यांत त्याने दाव्याची मुदत नव्याने सुरू होते.

पाचवं: घाई असेल तर रॅपिड रिस्कोअर

कंपन्या साधारण महिन्यातून एकदा ब्युरोंना माहिती पाठवतात. आज शेरा निघाला तरी रिपोर्टवर दिसायला तीन-चार आठवडे जाऊ शकतात. क्लोजिंग जवळ असेल तर कर्ज देणारा रॅपिड रिस्कोअर मागवू शकतो; पुरावा देऊन नोंद थेट ताजी होते आणि काही कामकाजाच्या दिवसांत नवा स्कोअर येतो. हे तुम्ही स्वतः मागवू शकत नाही, तुम्ही द्यायचा तो कागद. म्हणून ते लेटरहेडवरचं पत्र. त्यावर तारीख, खाते क्रमांक, तुमचं नाव आणि नेमका बदल हवा. 'डिअर कस्टमर, आपली विनंती प्राप्त झाली' अशा ईमेलवर कुणी रिस्कोअर करत नाही.

कर्ज चालू असताना

अर्ज दिल्यापासून क्लोजिंगपर्यंत नवा डिस्प्यूट टाकू नका. कार्डावरचा बारीकसारीक वादही नको. दुकानदाराने ३८ डॉलर जास्त लावले असतील तर आधी दुकानदाराशी बोला. कार्ड कंपनीकडे बिलाची हरकत घ्यायला ती रक्कम असलेलं पहिलं स्टेटमेंट पाठवल्यापासून ६० दिवस असतात. क्लोजिंग त्याच्या आत होत असेल तर थांबा, नसेल तर लोन ऑफिसरला सांगून मग करा. क्लोजिंगच्या आधी क्रेडिट पुन्हा पाहिलं जातं, आणि मूळ रिपोर्ट १२० दिवसांपेक्षा जुना झाला तर नवा मागवावा लागतो. जे प्री-अप्रूव्हलला, म्हणजे सुरुवातीच्या मंजुरीला, नव्हतं ते तेव्हा दिसतं.

फीचर्स, ॲप, 'एका क्लिकवर चूक दुरुस्त करा' असली बटणं या काळात बंदच ठेवा. एका गृहस्थांनी रात्री अकरा वाजता सहज चार खात्यांवर बोट ठेवलं होतं. 'बघू काय होतं' म्हणून.

आणि क्रेडिट दुरुस्त करून देणाऱ्यांबद्दल: १९९६ च्या कायद्यानुसार काम होण्याआधी ते पैसे मागू शकत नाहीत, आणि करार तीन कामकाजाच्या दिवसांत रद्द करता येतो. आगाऊ मागणाऱ्याला तिथेच नमस्कार करा. पूर्वी कुणाला असं काम दिलं असेल तर लोन ऑफिसरला पहिल्याच बैठकीत सांगा. त्यांनी तुमच्या नावाने कुठे काय पत्रं पाठवली ते तुम्हालाही माहीत नसतं.

ब्युरो किंवा कंपनी दाद देत नसेल तर सीएफपीबीकडे, म्हणजे ग्राहकांच्या आर्थिक तक्रारी पाहणाऱ्या सरकारी संस्थेकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. पण अकरा दिवसांच्या क्लोजिंगला तिचा उपयोग नाही, ती सहा महिने आधीची गोष्ट.

त्या दोघांचं असं झालं. घर सोडतानाचे फोटो बायकोच्या फोनमध्ये होते, तारखेसकट. ते अपार्टमेंटच्या व्यवस्थापनाला पाठवले. पहिल्या दोन ईमेलना उत्तर नाही, तिसऱ्यांदा मॅनेजरचं नाव शोधून पाठवले तेव्हा चूक मान्य झाली. मग कलेक्शन एजन्सीने खातंच काढून टाकत असल्याचं पत्र दिलं, एका पानाचं, तीन ओळींचं. रिस्कोअरनंतर खातं नाही, शेरा नाही, फाइल पुन्हा संगणकातून पास झाली. क्लोजिंग नऊ दिवस उशिरा झालं आणि रेट लॉक, म्हणजे ठरलेला व्याजदर टिकवायची मुदत, वाढवायचे पैसे त्यांनाच पडले. ते परत मिळाले नाहीत.